आपला माणूस बोलत नाही

त्यांच्या खिशात कोंबडीच्या छातीचं हाड असायचं. धुऊन, उन्हात वाळवून पांढरंशुभ्र केलेलं. बोलता बोलता ते खिशात हात घालत आणि किल्ली काढावी तसं ते हाड काढून समोरच्याच्या तळहातावर ठेवत. समोरचा माणूस काय खातो, काय खात नाही, याची चौकशी ते आधी करत नसत आणि नंतरही करत नसत.

"ही मधली धार पाहा," ते म्हणत. "नावेच्या तळासारखी. उडायचे स्नायू हिलाच धरून असतात. धार नाही तर उडणं नाही. मग तो देवदूत असो का राक्षस."

चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत, शरीररचना विभागात ते आर्टिस्ट होते. दिवसभर टाक आणि काळी शाई घेऊन स्नायू, शिरा, मेंदूचे काप काढायचे. मी त्याच विभागाच्या संग्रहालयात टेक्निशियन होते. काचेच्या बरण्यांतलं फॉर्मलिन बदलणं आणि बरण्यांवर चिठ्ठ्या डकवणं हे माझं काम. ते अमरावतीकडचे, मी साताऱ्याची. माझा दादा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होता. त्याची बदली चंदीगडला झाली तेव्हा दादा, वहिनी आणि लग्नाची राहिलेली मी, असे तिघं तिकडे गेलो होतो. आर्टिस्टजी एकटेच. चाळिशी ओलांडलेली, कानांवर केस पिकलेले, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा न जाणारा डाग. बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच वारली होती, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. मराठी माणसं परमुलखात एकमेकांची माहिती कशी काढतात ते काढून पाहा.

वहिनी त्यांना 'हाडवाले' म्हणायची. बावीस सेक्टरच्या ढाब्यावर ते रविवारी कोंबडी खायला जात आणि जेवण झाल्यावर हाडं ताटात ओळीनं मांडून बघत बसत. ढाब्याचा सरदारजी म्हणायचा, "आर्टिस्ट जी, कुक्कड़ खाण आए हो के पढ़न?" यावर ते गंभीरपणे उत्तर देत, "दोन्ही, सरदारजी."

हा सगळा अभ्यास कशासाठी, तर दिल्लीच्या एका प्रकाशकाच्या हिंदी कॉमिक्ससाठी. किरायानं वाचायला मिळायची ना, तसली पातळ, भडक रंगांची पुस्तकं. त्यांत लाल झग्याचा एक नायक होता. भिंती फोडायचा, मोटारी उचलायचा. त्याच्याविषयी आर्टिस्टजींना काडीचं प्रेम नव्हतं. 'त्या झगेवाल्याला' ते शेवटी, उरलेल्या वेळात उरकून टाकत. त्यांचा जीव होता नायकाच्या वैऱ्यात. पंख असलेला, माणसासारखा एक राक्षस. प्रकाशकानं त्याचं नाव गगनासुर ठेवलं होतं. ते त्याला 'आपला माणूस' म्हणत.

सतरा सेक्टरात जुन्या मासिकांच्या ढिगात अमेरिकन कॉमिक्स मिळत. ती आणून ते त्यातल्या पंखवाल्यांची चूक काढत बसत. पाठीला पंख असे चिकटवलेले, जसा भिंतीला कॅलेंडर. हात आहेत, पाय आहेत आणि वर पंख. मग पंखांच्या खांद्याचं पातं कुठं गेलं? स्नायू कुठं धरले? त्यांनी आपल्या माणसाला खांद्याखाली दुसरी पाती दिली, छातीला ती नावेसारखी धार दिली, छाती ढोलासारखी पुढे काढली आणि पाय बारीक केले. असा तो झाला खरा भयंकर, पण बघताना भीती वाटायच्या आधी कीव यायची.

"याला झोपता येत नाही, बाई," एकदा ते म्हणाले. "उताणा झोपला तर पंख मोडतात, पालथा झोपला तर धार रुतते. बसून झोपतो." मग टाक पुसत म्हणाले, "आणि याला कोणी मिठीत पण घेऊ शकत नाही. समोरून हाड, मागून पंख. जागाच ठेवली नाही मी."

मी त्यांच्या कामात शिरले ती गणपतीमुळे. तिथल्या मराठी मंडळाचा गणपती बसायचा आणि त्या वर्षी मागचा पडदा रंगवायचं काम त्यांच्याकडे आलं. विषय ठरला होता गरुडावर बसलेले विष्णू. पडदा उलगडला. गरुडाची छाती अर्धा पडदा व्यापून होती, पाय काड्यांसारखे, आणि विष्णू पार मागे, शेपटाजवळ अंग चोरून बसलेले. अध्यक्ष म्हणाले, गरुडाला दमा झाल्यासारखा दिसतोय. आर्टिस्टजींनी शांतपणे खिशातून हाड काढलं आणि अध्यक्षांच्या हातावर ठेवलं. गणपतीपुढे. बायकांनी पदर तोंडाला लावले. अध्यक्ष नळाकडे धावले.

"भगवंताच्या वाहनाला हाडं नसतात का?" ते विचारत होते. त्यात थट्टा नव्हती, तीच तर पंचाईत. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

शेवटी पडद्यावर जरीच्या साड्या सोडल्या. दोन साड्यांच्या फटीतून गरुडाचा एक डोळा तेवढा दिसत राहिला. मी सगळ्या आरत्या त्या डोळ्याकडे पाहत म्हटल्या.

त्याच मांडवात बाहेरच्या फळ्यावर कार्यक्रमाची माहिती मी रंगीत खडूनं लिहिली होती. परत जाताना ते फळ्यापाशी थबकले. ही अक्षरं कोणाची म्हणून विचारलं. वहिनीनं कौतुकानं माझं नाव सांगितलं. पुढे माझ्या दुपारच्या सुट्ट्या त्यांच्या पानांत जायला लागल्या तेव्हा तिला त्याचा फार पस्तावा झाला.

"तुमची अक्षरं पायांवर उभी आहेत," ते म्हणाले. "लोकांची बसलेली असतात. माझ्या चित्रांत लिहून द्याल का?"

तेव्हापासून कॉमिक्समधले संवाद मी लिहू लागले. दिल्लीहून हिंदी मजकूर टाइप करून यायचा, ते चित्रं काढायचे आणि संवादांचे फुगे कोरे ठेवून पानं माझ्याकडे द्यायचे. शाई तेच घोटून द्यायचे, बाजारच्या शाईत डिंक आणि कसलीशी तपकिरी भुकटी घालून. ती वाळल्यावर उन्हात धरली की किंचित तांबूस दिसायची. मी दुपारच्या सुट्टीत, संग्रहालयातल्या बरण्यांच्या मधल्या टेबलावर लिहायची. लिहून झालं की पानं मेणकापडात गुंडाळून दिल्लीच्या बसच्या कंडक्टरकडे सोपवायची.

एक गोष्ट मात्र होती. माझ्याकडे दिलेलं पान ते पुन्हा बघत नसत. लिहिलेलं चित्र बघवत नाही म्हणायचे. बघायचे ते एकदम छापून आल्यावर.

आणि गगनासुराला फुगा नव्हता. कधीच नाही. दिल्लीहून त्याच्यासाठी गडगडाटी हसणं आणि धमक्या लिहून यायच्या. आर्टिस्टजी त्या सरळ काट मारून टाकत. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी मला सायकल काढायला सांगितली.

मुल्लानपूरच्या वाटेवर तेव्हा सगळी शेतं होती. एका गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची जागा होती, लोक तिला हड्डारोडी म्हणत. दिवाळी नुकतीच झाली होती, ऊन कोवळं होतं. मी नाकाला पदर लावून बांधावर उभी राहिले आणि समोर गिधाडं. इतकी की जमीनच हलतेय असं वाटावं. काही पोट भरून, पंख पसरून उन्हाला बसली होती, वाळत घातलेल्या घोंगड्यांसारखी.

"ऐका," ते म्हणाले.

मी कान दिला. पंखांची फडफड, मधूनच फुसकारा. बस्स.

"कोकिळेचं वजन काय असते? म्हणून गाऊन राहिली ती. याला एवढं धूड वर न्यायचं आहे. सगळा श्वास त्यातच जातो, बाई. बोलायला उरतच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपला माणूस बोलत नाही, कारण तो उडतो. ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी खाली पडेल."

एक गिधाड धावत धावत उठलं. जमिनीवर ते किती बेंगरूळ दिसतं, आणि मग हवेनं एकदा उचललं की पंख हलवतसुद्धा नाही. ते दोघं, तो पक्षी आणि हे, एकाच जातीचे वाटले मला. परतताना माझी सायकल त्यांच्या मागे होती आणि त्यांच्या सदऱ्यात वारा भरून पाठीवर फुगा आला होता. मी घरापर्यंत तेवढंच बघत आले. दुसरं काही घडलं नाही. पण मला विचाराल तर माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास तोच.

थंडीत दादानं पुण्याचं एक स्थळ आणलं. बँकेतला मुलगा, चांगलं घर. फोटो पसंत होता, आमच्याकडून होकार कळवायचा होता. आमच्या घरात मुलीला विचारण्याची पद्धत होती, पण तिनं 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं हीसुद्धा पद्धत होती. मी तसं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

त्या दिवशी आर्टिस्टजींनी नवीन पानं दिली. त्यातल्या एका पानावर मोठं एकच चित्र होतं. गोष्टीप्रमाणे गगनासुर नायकाच्या बहिणीला पळवायला तिच्या घरावर येऊन बसतो. चित्रात पाऊस होता, समोरच्या छपरावर तो पंख मिटून बसला होता आणि खाली एका घराची विटांची जाळी, जाळीमागे दिवा, दिव्यासमोर पाठमोरी एक बाई. वेणी घातलेली. मी जाळी बघितली. आमच्या सरकारी क्वार्टरची जाळी. सगळ्या चंदीगडात विटांच्या जाळ्या आहेत, पण खालच्या ओळीतली एक वीट अर्धी फुटलेली आणि तिथे मनीप्लांटचा डबा ठेवलेला, अशी एकच आहे. ते आमच्या घरी कधी आले नव्हते. म्हणजे रस्त्यावरून जाताना त्यांनी ती फुटकी वीट बघून ठेवली होती.

मी कितीतरी वेळ ते पान घेऊन बसले. दोन्हीकडे बरण्यांतले अवयव. मी कधी कोणाला काही मागितलं नव्हतं. शाळेत तहान लागली तरी मी हात वर करत नसे. पण त्या दुपारी मी टाक शाईत बुडवला, आभाळाच्या रिकाम्या जागेत एक लहान फुगा काढला, त्याचं टोक त्या राक्षसाच्या तोंडाकडे नेलं आणि त्यात लिहिलं, "मुझे भीतर बुला लो।"

मला वाटलं, छापून आलं की ते बघतील. अक्षर बघतील. त्यांच्याच माणसाच्या तोंडून त्यांना कळेल की मला कळलंय. पान मी मेणकापडात बांधलं आणि कंडक्टरच्या हातात दिलं. बस सुटेपर्यंत परत मागता आलं असतं.

छापील प्रती आल्या तेव्हा ते संग्रहालयात आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग मी प्रथमच पाहिला. बोलत मात्र हळू आवाजातच होते.

"बोलता केला त्याला," ते म्हणाले. "पाडला खाली. ज्यानं हे केलं त्याला माझी एक रेघ समजली नाही. एवढी वर्षं मी काढून राहिलो, एक रेघ नाही." मग माझ्याकडे बघून आवाज मऊ केला. "तुमच्या अक्षराची नक्कल केली दिल्लीवाल्यांनी, बाई. हा तुमचाही अपमान आहे. मी जातो दिल्लीला."

मी मान हलवली. हो, अशी. हेच ते सांगायचं होतं. मी काही खोटं बोलले नाही, नुसती मान हलवली, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी त्या प्रकाशकाशी माझ्या वतीनं भांडायला रजा काढली, आणि मी बरणीचं झाकण घट्ट करत राहिले.

दिल्लीहून ते आले आणि त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारलं नाही. प्रकाशकाला मात्र तो फुगा फार आवडला होता, वाचकांनाही. पुढच्या अंकापासून गगनासुर बोलायला लागला, आणि आर्टिस्टजींनी काट मारली नाही. मुकाट्यानं फुगे ठेवले. राक्षस हसायला लागला, शेरोशायरी करायला लागला, नायकाच्या बहिणीसाठी उसासे टाकायला लागला. ते सगळं मी लिहीत होते, पायांवर उभ्या असलेल्या माझ्या अक्षरांत. चित्रातली त्याची छाती दर अंकाला थोडी थोडी बारीक होत गेली. धार दिसेनाशी झाली. आर्टिस्टजींच्या खिशातलं हाडही मला पुन्हा दिसलं नाही.

होळीच्या सुमाराला कळलं की त्यांनी राजीनामा दिला आहे, विदर्भाकडे कुठेशी नोकरी धरली आहे. तोवर माझा साखरपुडा ठरला होता.

माझं लग्न झालं, ते चांगलं झालं. उगाच दुसरं काही म्हणणार नाही. हे सगळं मी नवऱ्याला गेल्या वर्षी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ऐकलं आणि विचारलं, "मग पुढे काय झालं?" मी म्हटलं, काही झालं नाही, तेच तर सांगतेय. ते म्हणाले, "मग लिहून काढ." दादा-वहिनी आता नाहीत. आर्टिस्टजी आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मध्ये एका लग्नासाठी चंदीगडला गेले तेव्हा मुल्लानपूरच्या बाजूला मुद्दाम गाडी नेली. तिथे इमारतींचे खांब उभे राहत होते. ड्रायव्हर आयटी पार्क दाखवायची घाई करत होता. मी आभाळाकडे बघत होते. घारी होत्या, कावळे होते. गिधाडं संपली म्हणतात, गुरांच्या कसल्याशा औषधानं. एवढं मोठं आभाळ इतकं मोकळं मी कधी बघितलं नव्हतं.

एक प्रसंग राहिला. तो मी शेवटासाठी ठेवला असं नाही, आधी लिहायला हात धजला नाही.

जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या घरी आले. रविवारची सकाळ होती. मार्चअखेरीला चंदीगडची झाडं पानं गाळतात. सगळा रस्ता भरला होता. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सायकलची घंटा वाजली नाही, नुसती पानं चुरली. बघते तर फाटकाबाहेर ते उभे. इस्त्रीचा सदरा, हातात मेणकापडाची गुंडाळी. ती पानं ते सोमवारी जाता जाता विभागातही ठेवून जाऊ शकले असते.

"शेवटचा अंक," ते म्हणाले. "मारून टाकला त्याला. दिल्लीचा हुकूम आहे."

त्या पानांत काय होतं ते मी नंतर पाहिलं, पण इथेच सांगते. मेलेला गगनासुर उताणा पडला होता, पंख खाली पसरून, आयुष्यात पहिल्यांदा पाठ टेकून. छाती पुन्हा पहिल्यासारखी, धारेसकट. दिल्लीहून त्याच्यासाठी क्षमा मागण्याचं लांबलचक भाषण आलं होतं, पण फुग्याला जागा नव्हती. सगळं आभाळ त्यांनी गिधाडांनी भरून टाकलं होतं, पंखाला पंख लावून. मी त्या पानावर काही लिहिलं नाही. तसंच पाठवलं. प्रकाशकानं तिकडे गिधाडांवरच कागद डकवून भाषण छापलं.

फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. मी आतल्या बाजूला, ते बाहेर. ते सायकलचं हँडल धरून उभे होते आणि माझ्या खांद्यावरून जाळीकडे, त्या फुटक्या विटेकडे बघत होते.

"दिल्लीत मूळ पान पाहिलं मी," ते म्हणाले. "उन्हात धरलं. शाई आपलीच होती."

माझ्या हातात दादाचा ओला सदरा होता. त्याचं पाणी पायांवर पडत होतं.

"रागावलो नाही, बाई. राग सांगायला आलो नाही." त्यांना श्वास लागला होता, एवढी सायकल तर ते रोज चालवत. "एकच विचारायचं होतं. त्या चित्रातली बाई. जाळीमागची. ती कोण आहे असं वाटलं तुम्हाला?"

आता हे स्पष्टच लिहायला हवं. मला समजलं होतं. मागून, विचार करून समजलं असं नाही, त्याच क्षणी समजलं. जे मी त्यांच्या राक्षसाच्या तोंडी घातलं होतं, ते ऐकून ते आले होते. इस्त्री करून आले होते. आमच्याकडे दारात वैरी आला तरी 'आत या' म्हणतात. पोस्टमनला म्हणतात. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारतात. मला दोन शब्द म्हणायचे होते आणि कडी काढायची होती.

स्वयंपाकघरात वहिनी पुण्याच्या पाहुण्यांसाठी करंज्यांचं सारण परतत होती. खोबऱ्याचा वास बाहेरपर्यंत येत होता.

"नायकाची बहीण," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बरोबर मी त्या दिवशी हलवली होती तशी. "हो," ते म्हणाले. "स्क्रिप्टात तसंच होतं."

त्यांनी गुंडाळी फाटकावरून पुढे केली. मी ओल्या हातानं घेतली. सायकल वळवताना तिची चेन उतरली, तेव्हा ते तिथेच, फाटकाला टेकून, चेन बसवायला खाली वाकले. पाठ माझ्याकडे होती. सदऱ्यातून खांद्यांची पाती हलताना दिसत होती.

"कोण आलंय गं?" वहिनीनं आतून विचारलं.

ते अजून चेनवर वाकलेले होते. हात थांबले होते.

"कोणी नाही," मी म्हटलं.